शॉटच्या लाईनवर उभं राहायला शिकताना

गेले बरेच महिने मी पूलच्या टेबलावर जवळजवळ एकाच गोष्टीवर काम करतेय, शॉटला उभं कसं राहायचं आणि तिथून खाली कसं जायचं. स्पिन, ब्रेक, बँक शॉट हे सगळं बाजूला ठेवलं, फक्त पाय, डोळे आणि वाकणं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण माझा खेळ याने जेवढा सुधारला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मी शिकायला लागले तेव्हा हे असं सलग कुठे सापडलं नव्हतं, जे मिळायचं ते तुकड्यातुकड्यात, आणि तेही बहुतेक वेळा ब्रिज (क्यू म्हणजे मारायची काठी, ती टेकवायला टेबलावर ठेवलेला पुढचा हात) आणि ग्रिप (मागच्या हाताची पकड) यांच्यापाशी सुरू व्हायचं, म्हणजे माणूस आधीच वाकलेला आहे असं धरून.

आधी आकडे सांगते कारण मला स्वतःला आकडे कळल्यावरच हे पटलं. पूलचा बॉल ५७ मिमी व्यासाचा. समजा शॉट सरळ आहे, व्हाईट (क्यूने मारतो तो पांढरा बॉल) आणि ऑब्जेक्ट बॉल (जो पॉकेटमधे घालायचा तो) यांच्यामधे १ मीटर अंतर, आणि तिथून पुढे पॉकेटपण १ मीटरवर. आता क्यूची दिशा फक्त ०.१ अंशाने हुकली तर व्हाईट तिथे पोचेपर्यंत पावणेदोन मिमी बाजूला सरकलेला असतो, आणि तेवढ्या फरकाने ऑब्जेक्ट बॉल जवळजवळ पावणेदोन अंश वाकडा निघतो, म्हणजे चूक साडेसतरा पट झाली. पॉकेटपाशी जाईपर्यंत तो ३० मिमी बाजूला. कॉर्नर पॉकेटचं तोंड नियमाप्रमाणे साडेचार इंचाच्या आसपास, म्हणजे साधारण ११५ मिमी, त्यात ५७ चा बॉल, म्हणजे एकेका बाजूला २९ मिमी मोकळे. गेला शॉट, कडेला घासून आत पडला तर पडला. आणि हे ०.१ अंश म्हणजे ब्रिजपासून व्हाईटपर्यंतच्या वीतभर अंतरात अर्धा मिमीपण नाही. एवढी बारीक गोष्ट खाली वाकल्यावर हाताने हलवून दुरुस्त करता येईल ही आशाच सोडायची, शरीरच मुळात बरोबर जागी यायला हवं.

मला शिकवणारे सर पहिल्यांदा जे म्हणाले ते अजून कानात आहे, "अगं, क्यू टेबलावर ठेव आणि आधी नुसती चालत ये." क्यूशिवाय. व्हाईटच्या मागे चार पावलं उभं राहायचं, शॉट बघायचा, आणि लाईनवर चालत यायचं. परत मागे जायचं, परत यायचं. ते माझ्या पायांकडे बघत बसायचे, आणि मधेच थांबवून विचारायचे, "आत्ता तू कुठे बघत होतीस?" याच प्रश्नातून डोळ्यांचं प्रकरण निघालं.

मी उजव्या हाताने खेळते पण माझा डावा डोळा प्रबळ आहे. हे तपासणं सोपं आहे, दोन्ही हात लांब करून बोटांमधे छोटं भोक करायचं, त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने ती वस्तू भोकातच राहते तो डोळा प्रबळ. पण नुसतं एवढं कळून भागत नाही. क्यू बरोब्बर प्रबळ डोळ्याखालीच हवा असं बरेच जण सांगतात, ते सगळ्यांना लागू पडत नाही. काहींचा क्यू हनुवटीच्या मधोमध असताना लाईन सरळ दिसते, काहींचा एका डोळ्याखाली, आणि माझ्यासारख्यांचा अधेमधे. प्रत्येकाने आपली जागा शोधायची. जो डेव्हिस १९२७ साली पहिली वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप जिंकला आणि नंतर एकूण १५ वेळा जिंकला, त्याचा उजवा डोळा कमजोर होता आणि क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा.

माझी जागा शोधायला आम्ही असं केलं. व्हाईट आणि ऑब्जेक्ट बॉल पॉकेटच्या अगदी सरळ रेषेत लावले, सरांनी एका पातळ दोऱ्याने रेषा तपासली. मग मी क्यू त्या रेषेवर धरून खाली वाकले, आणि क्यू जराही न हलवता फक्त डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं. बहुतेक जागांवरून क्यू थोडा तिरपा दिसतो, पॉकेटच्या डाव्या नाहीतर उजव्या कडेकडे निघालाय असं वाटतं. एका जागी मात्र सगळं एकदम जुळतं, टिप म्हणजे क्यूचं पुढचं टोक, व्हाईट, बॉल, पॉकेट एका ओळीत. माझी ती जागा नाक आणि डावा डोळा यांच्या मधे निघाली. हे कळल्यावर आरशासमोर उभं राहून कितीतरी वेळ सराव केला, आरशात क्यूची टिप स्वतःकडे रोखायची, वाकायचं, आणि क्यू चेहऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागाखाली आलाय ते बघायचं. दर वेळी तिथेच यायला हवा. घरबसल्या होतो हा सराव, टेबल लागत नाही, आणि मी म्हणेन की टेबलावर तासभर बॉल मारण्यापेक्षा सुरुवातीला याचाच जास्त उपयोग झाला.

चष्म्याचं इथेच सांगून टाकते. मला चष्मा आहे, आणि खाली वाकलं की मान वर उचलून बघावं लागतं म्हणजे नजर काचेच्या वरच्या काठातून जाते, कधीकधी फ्रेमच्या दांडीवरूनच. डेनिस टेलर १९८५ ची वर्ल्ड स्नूकर फायनल स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १८-१७ अशी शेवटच्या डावातल्या शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकला तेव्हा त्याने घातलेला तो मोठ्या काचांचा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा याचसाठी होता, वाकल्यावरही काचेच्या मधल्या भागातून दिसावं म्हणून. मी तेवढा खास बनवून घेतला नाही पण उंच काचेची, नाकावर जरा वर बसणारी फ्रेम घेतली आणि वरच्या काठाची धूसर पट्टी गेली. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा मात्र खेळताना नको, मान जरा हलली की नंबर बदलतो आणि बॉलची कड कुठे आहे तेच कळत नाही.

आता उभं राहून बघणं. माझ्या मते शॉटचा जवळजवळ सगळा विचार इथेच संपायला हवा. मी पॉकेटकडून उलटी येते, आधी पॉकेट, मग तिथून ऑब्जेक्ट बॉलच्या मधून जाणारी रेषा, ती रेषा बॉलच्या मागच्या बाजूला जिथून बाहेर पडते तो बिंदू, आणि त्या बिंदूला चिकटून एक काल्पनिक व्हाईट. व्हाईटला तिथेच पोचवायचंय. गरज वाटली तर मी ऑब्जेक्ट बॉलच्या मागे चालत जाऊन पॉकेटची रेषा डोळ्यांनी बघून येते, यात आळस करायचा नाही, दोन पावलांचा तर प्रश्न असतो. मग परत व्हाईटच्या मागे. कटचा, म्हणजे ऑब्जेक्ट बॉल किती तिरका पाठवायचा त्याचा, अंदाज मी बॉलच्या हिश्शात घेते, व्हाईटचा मध्य ऑब्जेक्ट बॉलच्या कडेवर रोखला की अर्धा बॉल लागतो आणि तो ३० अंशाचा कट होतो, पाऊण बॉल म्हणजे साधारण साडेचौदा अंश, पाव बॉल म्हणजे साधारण ४८. हे तीन डोळ्यात बसले की बाकीचे कट त्यांच्या आजूबाजूला शोधता येतात. मधलं मोजमाप मला कधी शब्दात सांगता आलं नाही, ते बघून बघूनच बसतं.

याच उभ्या अवस्थेत पुढच्या बॉलचंही ठरवायचं. व्हाईट कुठे थांबणार, किती जोरात, मधे मारायचा का वर का खाली. व्हाईट न फिरता नुसता घसरत जाऊन लागला तर पॉट केलेल्या (पॉकेटमधे घातलेल्या) बॉलच्या दिशेशी काटकोनात निघतो, आणि नीट घरंगळत जाऊन लागला तर पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंतच्या कुठल्याही कटवर आपल्या मूळ दिशेपासून ३० अंशांच्या आसपास वळतो. एवढं माहीत असलं की उभ्या उभ्या सगळं ठरतं. मी मनातल्या मनात एक वाक्य म्हणते, "इथे पॉट, तिथे थांबणार," आणि ते वाक्य पूर्ण झाल्याशिवाय पाय हलवत नाही.

आणि मग पाय. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतेय, डावखुऱ्यांनी उलट करून घ्यावं. आधी उजवा पाय पडतो, आणि तो शॉटच्या लाईनवर पडतो, म्हणजे व्हाईटमधून मागे ओढलेली रेषा जमिनीवर आणली तर माझ्या उजव्या पावलाचा मधला भाग त्या रेषेवर असतो, पाऊल जरा बाहेरच्या बाजूला वळलेलं, साधारण ४५ अंशात. हे पाऊल टाकताना नजर शॉटवरून हलत नाही, खाली बघायचं नाही. सरांनी जमिनीवर कागदी टेपची लांब पट्टी चिकटवली होती लाईनच्या खाली, मी पाऊल टाकायचे आणि टाकल्यावरच खाली बघायचे पट्टीवर आलंय का. मग डावा पाय पुढे आणि डावीकडे, खांद्याएवढं अंतर, डावा गुडघा वाकलेला, उजवा पाय जवळपास सरळ. कुणी दोन्ही गुडघे जरा वाकवतं, उंच माणसांना ते करावंच लागतं कारण टेबलाची उंची नियमाप्रमाणे २९.२५ ते ३१ इंच, ती कुणासाठी बदलत नाही, तेव्हा एकतर पाय जास्त फाकवायचे नाहीतर गुडघे वाकवायचे.

अंतर कसं कळायचं? उभं असताना उजवा हात कमरेपाशी, ग्रिपच्या जागी क्यू धरलेला, आणि टिप व्हाईटच्या जरा मागे आली की अंतर बरोबर. याहून जवळ उभं राहिलं की वाकल्यावर हाताला जागा उरत नाही, लांब राहिलं की पुढे झुकून तोल ब्रिजच्या हातावर येतो. तोलाचं तपासायला सर वाकलेलं असताना खांद्याला हलकाच धक्का द्यायचे, चारही बाजूंनी. पाय नीट असतील तर माणूस हलत नाही. उजवा पाय लाईनच्या उजवीकडे गेला असेल तर कंबर आणि मांडी हाताच्या वाटेत येते, मग हात तिला वळसा घालून जातो आणि स्ट्रोक वाकडा होतो, आणि आपण बिचाऱ्या मनगटाला दोष देत बसतो.

वाकणं हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. डोकं आधीच लाईनवर आहे, आता त्याने लाईनवरच राहून खाली यायचं, विमान धावपट्टीच्या रेषेत येऊन मग उतरतं तसं. कंबर मागे जाते, छाती खाली येते, क्यू पुढे सरकतो, सगळं एकाच हालचालीत आणि संथ. बाजूने वाकून आत शिरायचं नाही. मी मोबाईल समोरच्या पॉकेटमागे ठेवून शूट करायचे आणि फक्त एवढंच बघायचे की खाली येताना माझं नाक बाजूला सरकतंय का सरळ खाली येतंय. माझ्यासारख्या डाव्या डोळ्यावाल्यांना हे जास्त जपावं लागतं, डोळा लाईनवर आणताना सगळं डोकंच डावीकडे नको, उभं असतानाच ते योग्य जागी हवं म्हणजे खाली आल्यावर हलवावं लागत नाही.

किती खाली जायचं यावर लोक हिरिरीने भांडतात. स्नूकरवाले हनुवटी क्यूला टेकवतात आणि क्यू छातीलाही घासतो. ॲलिसन फिशर स्नूकरमधून १९९५ मधे अमेरिकन पूलकडे वळली आणि तिथेही वर्षानुवर्षं जिंकत राहिली. उलट विली मॉस्कोनी, ज्याने १९५४ साली एका प्रदर्शनी सामन्यात न चुकता सलग ५२६ बॉल पॉट केले, तो आजच्या मानाने बराच ताठ उभा राहायचा. त्यामुळे उंचीचा एकच नियम नाही. मी बरीच खाली जाते पण हनुवटी टेकवत नाही, बोटभर वर ठेवते, टेकवली की माझी मान अवघडते आणि चष्म्याचं गणित परत बिघडतं. बायकांना छातीला क्यू घासण्याचा सल्ला तसाच्या तसा लागू पडत नाही हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, मी शरीर थोडं जास्त आडवं वळवते आणि हात मोकळा राहतो का तेवढंच बघते.

ब्रिजबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर भरपूर मिळतं. व्हाईटपासून २० ते २५ सेंमी, पंजा टेबलावर घट्ट, आणि टिप व्हाईटला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात उभा, जमिनीशी काटकोनात. बस.

मग दोन-तीन सावकाश फेदर, म्हणजे व्हाईटला न लावता क्यू नुसता मागेपुढे करणं. या वेळी मी व्हाईटकडे बघते, टिप मला हवी तिथेच जातेय का ते तपासायला. शेवटचा फेदर व्हाईटपाशी थांबतो, तिथे छोटा विराम, नजर ऑब्जेक्ट बॉलवर जाते आणि तिथेच राहते. मग क्यू मागे, आणि स्ट्रोक. ही नजर स्थिर राहण्याची गोष्ट नुसती कोचलोकांची नाही. २००२ मधे विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर अभ्यास केला होता, त्यात चांगल्या खेळाडूंची शेवटची स्थिर नजर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ टिकत होती, आणि यशस्वी शॉटच्या वेळी ती हुकलेल्या शॉटपेक्षा लांब होती. हे वाचल्यावर मी विराम मुद्दाम वाढवला, आणि खरंच सांगते, लांबच्या शॉटला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहीत बसलेय ती. खाली गेल्यावर काहीतरी खटकलं, लाईन जराशी वेगळी दिसली, स्पिन बदलावासा वाटला, ब्रिज नीट बसला नाही, तर उठायचं. पूर्ण उठायचं, पाय मागे घ्यायचे, आणि व्हाईटच्या मागून परत चालत यायचं. खाली वाकलेल्या अवस्थेत क्यू दोन मिमी डावीकडे ढकलायचा नाही. कारण क्यू ढकलला तरी पाय, कंबर, खांदा जुन्याच लाईनवर असतात, आणि स्ट्रोकच्या वेळी हात त्या जुन्या लाईनकडे ओढला जातो. वर जे ०.१ अंशाचं गणित केलं ते इथे आठवायचं. हे समजायला सोपं आणि करायला भयंकर अवघड आहे, समोरचा खेळाडू खुर्चीत बसून वाट बघत असतो, आजूबाजूला लोक असतात, आणि उठणं म्हणजे आपण घाबरलो असं दिसेल असं वाटतं. तसं काही दिसत नाही. मोठ्या स्पर्धांत ३० सेकंदांचं शॉट क्लॉक असतं तिथेसुद्धा खेळाडू उठतात आणि परत खाली जातात. सरावात तर मी सुरुवातीला शॉट बरोबर वाटत असतानाही मुद्दाम उठायचे, म्हणजे उठण्याची सवय अंगात मुरावी म्हणून.

रेलला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला व्हाईट, किंवा मधे बॉल असताना वरून ब्रिज करावा लागणं, किंवा टेबलावर लांब पसरून मारायचा शॉट, यात पायांचं वरचं सगळं तसंच्या तसं जमत नाही हे खरं. एक पाय जमिनीवर हवा हा नियम आहे, बाकी जे जमेल ते. पण क्रम मी तोच ठेवते, आधी मागून बघणं, ठरवणं, डोकं लाईनवर, मग जे काही वाकडंतिकडं करायचं ते डोकं न हलवता. पाय पोचतच नसतील तर सरळ रेस्ट (क्यू टेकवायची आधाराची काठी) घ्यावी, तिची लाज कसली.

तपासणीसाठी मला दोन गोष्टी फार आवडल्या. पहिली, लांबचा सरळ स्टॉप शॉट. व्हाईट ऑब्जेक्ट बॉलला लागून जागच्या जागी मेला पाहिजे. तो जरा जरी बाजूला सरकला तरी धक्का मधोमध बसलेला नाही, भले बॉल पॉकेटमधे गेला असो. पॉट झाला म्हणून खूश व्हायचं नाही, व्हाईट काय करतोय ते बघायचं. दुसरी म्हणजे डोळे मिटून मारणं. सगळं नीट करून खाली जायचं, फेदर, विराम, आणि शेवटच्या स्ट्रोकला डोळे मिटायचे. पायांनी आणि डोक्याने काम बरोबर केलं असेल तर बॉल जातो, कारण ऐनवेळी दुरुस्ती करायला डोळेच नाहीत. पहिल्यांदा तो आवाज ऐकला, बॉल पॉकेटमधे पडल्याचा, डोळे मिटलेले असताना, तेव्हा मी टेबलाभोवती अक्षरशः उड्या मारल्या.

सध्या डावीकडे जाणारे बारीक कट चालू आहेत, पाव बॉलपेक्षाही पातळ. तिथे ऑब्जेक्ट बॉलच्या बाहेर, हवेतच रोखावं लागतं, आणि माझं डोकं पॉकेटच्या बाजूला झुकायला बघतं, उजवीकडच्या कटला असं होत नाही. त्यावर उपाय म्हणून मी काल्पनिक व्हाईटच्या जागी टेबलावर कागदाचा छोटा गोल ठेवते, मागून त्या गोलाच्या मध्याकडे बघत चालत येते आणि वाकेपर्यंत पॉकेटकडे बघतच नाही. मारायच्या आधी सर तो कागद उचलून घेतात.